बेंच प्रेस वाढला, मग थ्रो का नाही वाढला?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी २० वर्षांची आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी राहते आणि कॉलेजच्या हँडबॉल संघात लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडून लांबचे थ्रो मारायच्या जागी, खेळते. गेल्या वर्षी नऊ मीटरवरून मारलेले तिचे बरेच थ्रो गोलकीपरने अडवले. हातात ताकद कमी पडते असं वाटून तिने जिम लावली. आठवड्याचे सहा दिवस पहाटे पाच ते साडेसहा जिम आणि तिथून थेट सातला मैदान. सहा महिन्यांत बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून छातीवरून बार वर ढकलायचा व्यायाम) २५ किलोवरून ४५ किलोवर गेला, पण थ्रोचा वेग होता तिथेच आहे, उलट कमी झाल्यासारखा वाटतो. सर म्हणतात, जिममुळे हात जड झालाय, बंद कर. जिमचे ट्रेनर म्हणतात, अजून वजन वाढव. आई म्हणते, खांदे मुलांसारखे होतील. आता थ्रो मारल्यावर उजवा खांदा दुखायला लागला आहे. दहा आठवड्यांवर निवड चाचणी आहे. जिम सोडावी की वाढवावी, असं ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू अगदी जाता जाता लिहिली आहेस : ‘तिथून थेट मैदान’. दीड तास छाती, खांदे आणि दंड थकवून तू अर्ध्या तासात बॉल हातात घेतेस आणि हे सहा महिने रोज चाललं आहे. म्हणजे तुझ्या सरांनी या सहा महिन्यांत तुला ताज्या हाताने थ्रो मारताना पाहिलेलंच नाही. तूही तुझा ताजा थ्रो पाहिलेला नाहीस. सरांना तुझा हात जड दिसतो, ते खोटं नाही. त्यांची नजर बरोबर आहे. फक्त तो जिममुळे कायमचा जड झालाय की त्या दिवसापुरता दमलाय, हे या वेळापत्रकात कुणालाच कळणार नाही.

म्हणून सोडू की वाढवू याआधी एक विचारते. वेग वाढला नाही, हे तू कशावरून ठरवलंस? गोल किती झाले त्यावरून असेल, तर गोलमध्ये वेगाखेरीज पुष्कळ गोष्टी असतात. हात मागे जाण्याआधीच खांदा कुठल्या कोपऱ्याकडे वळलाय, हे गोलकीपर वाचते. नऊ मीटरवरून ताशी ७२ किलोमीटरने मारलेला बॉल गोलपर्यंत ०.४५ सेकंदात पोचतो आणि ७९ किलोमीटरने मारलेला ०.४१ सेकंदात. मिळतात ते चार शतांश. ते हवेतच, त्यासाठीच तर ही सगळी मेहनत. पण थ्रो कुठे येणार हे तिला आधी कळत असेल, तर ते चार शतांश तू आधीच देऊन बसलेली असतेस. तुमच्या संघाच्या गोलकीपरला सरळ विचार, ‘माझा थ्रो तुला कधी कळतो?’ तिचं उत्तर कुठल्याही ट्रेनरच्या उत्तराइतकंच मोलाचं आहे.

आणि वेग मोज. त्यासाठी रडार गन लागत नाही. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेमचं. भिंतीपासून सात मीटरवर खडूने रेघ मार. मोबाइल बाजूला असा ठेव की तुझा हात आणि भिंत दोन्ही दिसतील. बॉल बोटांतून सुटला ती फ्रेम आणि भिंतीला टेकला ती फ्रेम, यांच्यामधल्या फ्रेम मोज. ६०४८ ला त्या आकड्याने भागलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. ८४ फ्रेम आल्या तर ७२, ८० आल्या तर ७५.६. बॉल हातातून रेघेच्या थोडा पुढे सुटतो, त्यामुळे आकडा अगदी खरा नसतो. पण दर वेळी रेघ तीच, बॉल तोच आणि पद्धत तीच ठेवलीस, तर वेग वाढतोय की घटतोय हे नक्की कळतं. एक दिवस पूर्ण विश्रांती घे, दुसऱ्या दिवशी नीट अंग गरम करून दहा थ्रो मार आणि आकडे वहीत लिही. खांदा दुखत असेल तर आधी तो शांत होऊ दे, मोजणी थांबू शकते.

आता ताकदीचं. तुझा समज असा आहे की हातात ताकद आली की बॉल आपोआप वेगाने जाईल. हा समज अर्धा खरा आहे. १९९५ साली हॉफ आणि आल्मोसबाक या नॉर्वेच्या अभ्यासकांनी हँडबॉल खेळणाऱ्या मुलींकडूनच जड वजनाचा बेंच प्रेस करून घेतला होता आणि त्यांच्या थ्रोचा वेग वाढला होता. त्यामुळे वजनाने हात बिघडतो, असं म्हणता येत नाही. पण त्या मुली पाच-सहा वेळाच उचलता येईल इतकं जड वजन, आठवड्यातून तीनदा घेत होत्या. तू पत्रात लिहिलंस ते वेगळं आहे : एक दिवस छाती, एक दिवस खांदे, एक दिवस दंड, बारा-बारा वेळा चार सेट आणि शेवटचा तर अगदी हात थरथरेपर्यंत. ही शरीरसौष्ठवाची पद्धत आहे. स्नायू फुगवण्यासाठी ती उत्तमच आहे आणि तुझ्या ट्रेनरना ती येते म्हणून त्यांनी दिली, यात त्यांचा दोष नाही. तुला काय हवंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुला हवं ते असं आहे. बेंचवर तू बार वर ढकलतेस तेव्हा त्याला दीड-दोन सेकंद लागतात. थ्रोमध्ये हात मागून पुढे येऊन बॉल सुटेपर्यंतचा वेळ एक दशांश सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. स्नायूची पूर्ण ताकद चढायलाच तीन-चार दशांश सेकंद लागतात. म्हणजे थ्रोमध्ये तू तुझी पूर्ण ताकद कधीच वापरू शकत नाहीस, जगातलं कुणीच वापरू शकत नाही. विहिरीचं पाणी वाढलं, पण मोटर तीच राहिली, तर शेतात पाणी तेवढंच येणार. सहा महिन्यांत तू विहीर खोल केलीस. ते काम वाया गेलेलं नाही, पण मोटरकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

शिवाय बेंच प्रेसमध्ये बार वर जाऊन थांबवावाच लागतो. त्यामुळे हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात शरीर स्वतःच ब्रेक लावतं. थ्रोमध्ये नेमकं शेवटीच हात सगळ्यात जोरात जायला हवा. म्हणून जे हातातून सुटतं, ते वजन थ्रोच्या जास्त जवळचं. मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड भरीव बॉल, सुटतो. जमिनीवरून हात उचलले जातील अशा जोरकस पुश-अपमध्ये तुझं स्वतःचं शरीर सुटतं. बार मात्र मोकळा हवेत फेकायचा नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण व्हिडिओ बघून तसं करणारी मुलं मी पाहिली आहेत. तो प्रकार खास यंत्रावर, माणूस शेजारी उभा असतानाच होतो.

पायांबद्दल तू पत्रात एक शब्दही लिहिला नाहीस. सहा दिवसांच्या जिममध्ये पायांना एकही दिवस नाही, बहुतेक ‘पळणं होतंच’ म्हणून. मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये जी ऊर्जा लागते, तिच्यातली साधारण निम्मी पाय, कंबर आणि धड यांतून येते. थ्रोचंही गणित याच जातीचं आहे. नीरज चोप्राचा एखादा थ्रो स्लो मोशनमध्ये बघ, टोकियोचा ८७.५८ मीटरचा बघ. हाताकडे बघू नकोस, डाव्या पायाकडे बघ. तो पाय पुढे पडतो आणि खांबासारखा ताठ उभा राहतो, गुडघा वाकत नाही. पळत आलेलं शरीर तिथे अडतं, कंबर फिरते, मग छाती, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी हात. हात हे चाबकाचं टोक आहे. टोक जाड केल्याने चाबूक जोरात वाजत नाही.

हँडबॉलमध्ये हे सहज तपासता येतं. पळत येऊन, पाय रोवून मारलेला थ्रो सर्वांत वेगवान असतो. जागेवरून मारलेला आणि उडी मारून मारलेला, दोन्ही त्याहून साधारण सात-आठ टक्क्यांनी कमी भरतात. तुझे दहा थ्रो मोजशील तेव्हा पाच जागेवरून आणि पाच तीन पावलं घेऊन मार. दोन्हींच्या फ्रेम सारख्याच आल्या, तर तुझी तीन पावलं बॉलला काहीच देत नाहीत, असं समज. मग दुखणं बेंच प्रेसमध्ये नाहीच, पुढच्या पायात आहे, आणि ते सरांच्या हाताखालीच सुधारेल.

मग या दहा आठवड्यांत काय करायचं? जिम सोडू नकोस, सहाचे दोन दिवस कर. आणि जिम संध्याकाळी ने. सकाळी सातला मैदानावर ताज्या हाताने जा. खांदा शांत झाला की जोराचे थ्रो सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्याबरोबर मार. शेवटी, दमल्यावर नाही. समजा सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जिम. पहिल्या दिवशी आत गेल्यावर आधी मेडिसिन बॉल, दोन किलोचा पुरे. दोन्ही हातांनी डोक्यावरून पुढे, मग कुशीवर वळून दोन्ही बाजूंना. पाच-पाच फेकी, तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं खरोखर बसायचं. फेकीचा जोर कमी झाला की त्या दिवसापुरतं ते संपलं. त्यानंतर स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, आणि मग बेंच. ४५ किलो तू एकदाच उचलत असशील तर ३६-३८ किलो चार-पाच वेळा, तीन सेट. खाली सावकाश, वर मात्र जितक्या जोरात जाईल तितक्या जोरात. बार जड असल्याने सावकाशच जाईल, तरी तुझा प्रयत्न जोराचा हवा; फरक त्या प्रयत्नानेच पडतो. हात थरथरेपर्यंत जायचं नाही, एक-दोन वेळा अजून जमलं असतं असं वाटतं तिथेच ठेवून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी बेंचवर नुसता २० किलोचा दांडा घे. हो, सहा महिने मेहनत करून पुन्हा मोकळ्या दांड्यावर येणं कमीपणाचं वाटेल, शेजारचे बघतीलही. पण २० किलो झपाट्याने ढकलणं तुझ्या थ्रोला ४५ किलोपेक्षा जवळचं आहे. पाच-पाचचे चार सेट, वर जाताना वीज चमकल्यासारखा. त्या दिवशी एक पाय पुढे ठेवून बसायच्या बैठका, थोड्या उड्या आणि पाठीचं ओढायचं काम. छातीचं एक काम केलंस तर पाठीची दोन कर. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्मं कर आणि चाचणीच्या आधीचे तीन दिवस वजनाला हात लावू नकोस. कमावलेली ताकद एवढ्यात कुठे जात नाही.

जड बॉलने थ्रो मारायची सूचना तुला कुणीतरी देईलच. तुमचा बॉल ३२५ ते ३७५ ग्रॅमचा असतो, त्याऐवजी अर्धा-पाऊण किलोचा एका हाताने मार म्हणजे हात मोकळा होईल, असं सांगतात. २०१८ मध्ये अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या बेसबॉल पिचरवर (बॉल फेकणाऱ्या खेळाडूंवर) सहा आठवडे वजनी बॉलचा प्रयोग झाला. वेग साधारण ३.३ टक्क्यांनी वाढला, पण त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापत झाली. तुझा खांदा आज ठणकतोय. हा सौदा तुझ्यासाठी नाही. दोन्ही हातांनी मेडिसिन बॉल आणि एका हाताने जड बॉल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खांद्यावर थोडं थांबते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. तुझ्या वयाची असताना मी भाला फेकायचे. खांदा दुखायला लागल्यावर तेल चोळून, गरम पाण्याने शेकून फेकत राहिले, कुणाला सांगितलं नाही, कारण शिबिरातून नाव जाईल अशी भीती होती. पुढचा अख्खा हंगाम मला डब्याची पिशवीसुद्धा उजव्या हाताने उचलता येत नव्हती. तू पत्रात खांद्याला एक ओळ दिलीस आणि निवड चाचणीला पाच. म्हणून सांगते.

बेसबॉलच्या पिचिंगमध्ये खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगाने आत फिरतो, मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक. हँडबॉलचा वेग थोडा कमी धर, तरी बॉल सुटल्यावर तो भिरभिरणारा हात कुणीतरी अडवावा लागतोच. ते काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात. तू सहा महिने इंजिन वाढवलंस, ब्रेक जुनाच ठेवलास. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांध. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटव, बगलेत दुमडलेला टॉवेल धर म्हणजे कोपर सुटणार नाही, आणि ट्यूब बाहेरच्या दिशेला ओढ. जाताना साधारण वेगाने, परत येताना चार आकडे मोजत. बारा-पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. याच धर्तीचा दहा मिनिटांचा व्यायाम नॉर्वेच्या अव्वल हँडबॉल संघांनी वॉर्मअपमध्ये आठवड्यातून तीनदा घेतला, तेव्हा खांद्याच्या तक्रारींची शक्यता २८ टक्क्यांनी कमी झाली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या संपूर्ण संघाने हे करावं. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली तर फुकट मिळते.

आणखी एक. चाचणीआधी शिबिर लागेल आणि तिथे एकदम दोन वेळचा सराव सुरू होईल. डेन्मार्कमध्ये १४ ते १८ वयाच्या हँडबॉलपटूंवर लक्ष ठेवलं, तेव्हा ज्या आठवड्यात खेळ अचानक ६० टक्क्यांहून जास्त वाढला, त्यानंतर खांद्याच्या दुखापती जवळपास दुप्पट झालेल्या आढळल्या. म्हणून खांदा शांत झाल्यावर जोराचे थ्रो सुरू करशील तेव्हापासून ते मोजत जा आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढव. शिबिराच्या दिवशी शरीराला धक्का बसू नये. आणि येत्या दोन आठवड्यांत जोराचा थ्रो बंद ठेवून, ट्यूबचा व्यायाम करूनही दुखणं राहिलं, रात्री त्या कुशीवर झोपता येईना किंवा हात डोक्यावर नेताना अडकायला लागला, तर निवड चाचणी बाजूला ठेव आणि अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखव. तेल लावून वाट बघू नकोस.

सरांशी बोलताना ‘ट्रेनर असं म्हणतात’ असं म्हणू नकोस, ते ऐकून कुठलेही सर बंद दारासारखे होतात. आकड्यांची वही ने. ‘सर, तुम्ही म्हणालात हात जड झालाय, ते खरं आहे. मी जिम संध्याकाळी नेते आणि दोनच दिवस करते. चार आठवड्यांनी तुमच्यासमोर पुन्हा मोजू. नाही वाढला तर तुम्ही सांगाल तसं.’ एवढं म्हण. तुझ्या खेळाची काळजी त्यांनाही आहे, नाहीतर त्यांनी तुझ्या हाताकडे लक्षच दिलं नसतं. चार आठवडे हा मात्र कमीत कमी काळ आहे. आठ दिवसांत फ्रेम मोजून निराश होऊ नकोस.

हे वाचणाऱ्या ज्या मुलामुलींच्या गावात जिमच नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून शिवून घेतला आणि वाण्याच्या काट्यावर दोन किलो करून घेतला, की मेडिसिन बॉल तयार. गावात तालीम असेल तर दोर चढा, पाठीसाठी त्याच्याइतकं चांगलं साधन महागड्या जिममध्येही क्वचितच सापडतं. जोर-बैठका काढा, पण शंभर-दोनशे सावकाश जोर काढून दम वाढतो, वेग नाही. वेगासाठी सहा-आठच, पण झपाट्याने आणि मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन.

राहिली आई. खांदे मुलांसारखे होतील ही भीती तिने कुठून तरी ऐकलेली असणार. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुलींच्या शरीरात मुलांच्या मानाने फारच कमी असतं. आठवड्यातून दोन दिवस, चार-चार वेळा वजन उचलून तसे खांदे होत नाहीत. पण वाद घालून हे तिला पटणार नाही, आणि तिच्या मनात खांद्यांच्या मापापेक्षा वेगळंही काही असेल. पहाटे पाचला अंधारात एकटी मुलगी बाहेर पडते, हेही असू शकतं. जिम संध्याकाळी गेली की निदान ती काळजी मिटेल. आणि थ्रो मोजायला मोबाइल धरायला कुणीतरी लागणारच आहे. रविवारी सकाळी तिला मैदानावर घेऊन जा. फ्रेम मोजायचं काम तिलाच दे.

तुझी,
ताई